घरचं प्रकरण आणि मोफत वकील: कुठल्या दारात जायचं, काय घेऊन जायचं

कौटुंबिक भांडणात माणूस वकिलाकडे जातो तो बहुधा रागाच्या भरात, नाहीतर भीतीपोटी. नवऱ्याने घराबाहेर काढलं, भावाने सातबाऱ्यावर एकट्याचंच नाव लावून घेतलं, मुलाने आईचं औषधपाणी बंद केलं, की त्याच दिवशी कुणाच्या तरी ओळखीच्या वकिलाचा पत्ता शोधला जातो. वकीलपत्रावर सही होते, आगाऊ पैसे जातात. सहा महिन्यांनी कळतं की हे काम प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) वकिलाशिवायच होण्यासारखं होतं, किंवा त्या बाईला वकील फुकट मिळणार होता.

तालुका कोर्टातल्या, मोफत वकील मिळवून देणाऱ्या विधी सेवा समितीच्या टेबलाशी बसून लोकांचे अर्ज लिहून देताना माझं एक मत पक्कं झालं आहे. कायदा किचकट आहेच, पण बहुतेकांचा वेळ वाया जातो तो चुकीच्या दारात अर्धे कागद घेऊन गेल्यामुळे. म्हणून या लेखात कलमांपेक्षा दारं आणि कागद जास्त आहेत.

आधी दार ओळखा

मारहाण आत्ता चालू असेल तर बाकी सगळं नंतर. ११२ लावा. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि ज्येष्ठांसाठी १४५६७ हे नंबर घरातल्या फोनमध्ये आधीच टाकून ठेवलेले बरे.

पोलीस ठाण्यात काय होतं आणि काय होत नाही, याबद्दल फार गैरसमज आहेत. पोलीस गुन्हा नोंदवतात. पोटगी किती, मूल कुणाकडे, घर कुणाचं हे ठरवायचा अधिकार त्यांना नाही. अनेक शहरांत पोलिसांचे महिला साहाय्य कक्ष किंवा भरोसा सेल आहेत. मुंबईत तर टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ पासून पोलिसांच्या आवारात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष चालवला आणि पुढे तो नमुना राज्यभर गेला. तिथलं समुपदेशन कामाचं असतं, जरूर घ्या. पण ठाण्यात दोघांना समोर बसवून लिहिलेला ‘यापुढे नीट वागेन’ असा कागद म्हणजे कोर्टाचा आदेश नव्हे. तो मोडला म्हणून कुणाला शिक्षा होत नाही. पुरावा म्हणून मात्र तो जपून ठेवा.

तक्रार दिल्यावर ती अदखलपात्र (कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत अशी) म्हणून नोंदली की गुन्हा दाखल झाला, हे विचारा आणि प्रत मागून घ्या. दखलपात्र गुन्हा असूनही ठाण्यात नोंदवून घेत नसतील तर तीच तक्रार लेखी स्वरूपात, पोचपावतीच्या टपालाने पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तांना पाठवता येते. तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

बाकीची दारं थोडक्यात अशी. घटस्फोट आणि मुलांचा ताबा: जिथे कौटुंबिक न्यायालय आहे तिथे ते, नाहीतर दिवाणी कोर्ट. नुसती पोटगी: कौटुंबिक न्यायालय किंवा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी. घरगुती हिंसाचार: न्यायदंडाधिकारी, आणि त्याआधी हवं तर संरक्षण अधिकारी. म्हाताऱ्या आईवडिलांचा निर्वाह: प्रांत. जमिनीवर वारस लावणं: तलाठी. नावातला बदल राजपत्रात होतो आणि जन्मदाखल्यातली चूक नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत दुरुस्त होते. त्यासाठी पहिल्याच दिवशी वकील करण्याचं कारण नाही.

एक पान आणि एक पिशवी

वकिलाकडे किंवा विधी सेवा कार्यालयात जाण्याआधी घरी बसून एक पान लिहा. डावीकडे तारीख, उजवीकडे काय घडलं. लग्न कधी, कुठे झालं, मुलं कधी झाली, पहिल्यांदा हात कधी उचलला, माहेरी कधी आलात, शेवटचे पैसे कधी मिळाले. तारीख आठवत नसेल तर ‘गणपतीच्या आधी’, ‘धाकट्याच्या बारशानंतर’ असं लिहा, पण क्रम चुकवू नका. विशेषणं नकोत. ‘तो राक्षस आहे’ या वाक्याने न्यायाधीशांना काहीच कळत नाही. ‘१२ मार्चला दारू पिऊन आला, डोक्यात तांब्या मारला, सरकारी दवाखान्यात तीन टाके पडले’ यातून सगळं कळतं. हे पान वकिलाचा पहिला अर्धा तास वाचवतं, आणि मोफत वकिलाकडे तुमच्यासाठी अर्धा तासच असण्याची शक्यता मोठी आहे.

पिशवीत काय हवं? आधार, रेशनकार्ड, लग्नपत्रिका आणि लग्नाचे एक-दोन फोटो, विवाह नोंदणीचा दाखला असेल तर तो, मुलांचे जन्मदाखले, शाळेच्या फीच्या पावत्या, दवाखान्याचे कागद, ठाण्यातल्या तक्रारीची प्रत. दागिन्यांची यादी वेगळ्या कागदावर: काय, किती ग्रॅम, कुणी घातलं, आता कुणाकडे आहे. सोनाराची बिलं मिळाली तर उत्तमच.

बायका बहुतेक वेळा एक गोष्ट विसरतात, ती म्हणजे समोरच्याच्या कमाईचा पुरावा. पोटगीच्या प्रकरणात ‘तो काहीच कमवत नाही’ हे उत्तर ठरलेलं असतं. पगारपत्रक हाताशी असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर दुकानाच्या पाटीचा फोटो, गाडीचा नंबर, त्याच्या नावचा सातबारा आणि आठ-अ (त्याच्या गावातल्या सगळ्या जमिनीचा उतारा), कर्जाचे हप्ते भरल्याचे संदेश, भाडेकरूंची नावं, असं जे सापडेल ते गोळा करा. घर सोडावं लागण्याची चिन्हं दिसत असतील तर या कागदांचे फोटो आधीच बहिणीच्या किंवा मैत्रिणीच्या फोनवर पाठवून ठेवा.

मोबाइलमधले संदेश आणि ध्वनिमुद्रण पुरावा म्हणून चालतं, पण सोबत ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि मूळ फोन लागू शकतो. म्हणून फोन विकू नका, रीसेट करू नका, आणि स्क्रीनशॉट कापून-छाटून ‘सोयीचा’ करू नका. वरचा नंबर आणि तारीख दिसली पाहिजे.

मूळ कागद कुणाच्याही हाती सोडू नका. वकिलाला झेरॉक्स द्या. कोर्टात मूळ दाखल करायची वेळ आली तर काय काय दिलं त्याची यादी करून तिच्यावर वकिलाची सही घ्या.

मोफत वकील हा हक्क आहे

१९७६ मध्ये राज्यघटनेत अनुच्छेद ३९-अ आला आणि गरिबाला मोफत कायदेशीर मदत देणं हे राज्याचं कर्तव्य ठरलं. त्यासाठीचा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७चा, पण तो अमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ रोजी. त्याच्या कलम १२ मध्ये कुणाला मदत मिळते त्याची यादी आहे: महिला, अठरा वर्षांखालील मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग व्यक्ती, औद्योगिक कामगार, कोठडीत असलेली व्यक्ती, मानवी तस्करीचे किंवा वेठबिगारीचे बळी, पूर-भूकंप-दंगलीसारख्या आपत्तीत सापडलेले. यांतल्या कुणालाही उत्पन्नाची अट नाही. बाई शिक्षिका असो, नर्स असो, तिचा पगार कितीही असो, ती पात्र आहे. बाकीच्यांसाठी उत्पन्नाची मर्यादा राज्यानुसार ठरते. महाराष्ट्रात ती वर्षाला ३ लाख रुपये आहे. म्हणजे रिक्षा चालवणाऱ्या किंवा हमाली करणाऱ्या नवऱ्यावर दावा झाला तर त्यालाही मोफत वकील मागता येतो. हे मुद्दाम सांगतो, कारण पैसे नाहीत म्हणून तारखेलाच न जाणारे नवरे असतात. त्यांच्या गैरहजेरीत एकतर्फी आदेश होतो आणि मग बेलिफ दारात आल्यावर धावपळ सुरू होते.

जायचं कुठे? प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. पुण्यात ते शिवाजीनगरच्या कोर्टात आहे. जिल्ह्याचे प्रमुख न्यायाधीश त्याचे अध्यक्ष असतात आणि रोजचं काम सचिव बघतात, तेही न्यायाधीशच. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. गेटवरच्या पोलिसाला ‘मोफत वकील मिळतो ते ऑफिस कुठे’ असं विचारलं तरी तो दाखवतो. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते. गावातल्या सामायिक सेवा केंद्रातून टेलि-लॉ योजनेत वकिलाशी बोलता येतं, त्याचा नंबर १४४५४. तिथे सल्ला मिळतो. कोर्टात उभा राहणारा वकील मात्र प्राधिकरणच देतं.

अर्जाला फी नाही. छापील नमुना मिळतो, साध्या कागदावर लिहिलेलाही चालतो. लिहिता येत नसेल तर तिथे बसलेले विधी स्वयंसेवक लिहून देतात. सोबत ओळखीचा पुरावा आणि तुम्ही ज्या गटात बसता त्याचा कागद द्यायचा. उत्पन्नाबद्दल साधारणपणे तुमचं प्रतिज्ञापत्र पुरतं. कोर्टात किंवा दाखल्यांसाठी सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात मुद्रांक लागत नाही. आवाराबाहेर टाइपिंगचं टेबल मांडून बसलेला कुणी ‘पाचशेचा स्टॅम्प लागेल’ म्हणाला तर आधी आत जाऊन विचारा.

अर्जावरचा निर्णय नियमाप्रमाणे सात दिवसांत व्हायला हवा. नाकारला तर कारण लेखी मागा, त्यावर प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे दाद मागता येते. मंजूर झाला की नेमणुकीचं पत्र मिळतं, त्यात वकिलाचं नाव असतं. यादीतल्या अमुक वकिलाची किंवा महिला वकिलाची इच्छा असेल तर अर्जातच लिहा. शक्य असेल तर तिचा विचार होतो.

या मदतीत वकिलाच्या फीबरोबर कोर्ट फी, समन्सचा खर्च, टंकलेखन, प्रमाणित नकला हेही येतं. नेमलेल्या वकिलाला तुमच्याकडून एक रुपयाही घ्यायची परवानगी नाही, ‘चहापाण्याचे’ही नाहीत. शिवाय पोटगी, घटस्फोट, हिंसाचार आणि लग्नातून उद्भवलेले मालमत्तेचे वाद यांत महिलांना महाराष्ट्र सरकारने १९९४ मध्येच कोर्ट फी माफ केली आहे. खाजगी वकील केलेल्या बाईलाही ही माफी लागू आहे, त्यामुळे कोर्ट फीच्या नावाखाली मोठी रक्कम मागितली गेली तर हिशोब विचारा.

मोफतचा वकील कसा असतो, हा प्रश्न सगळेच विचारतात. खरं सांगायचं तर काही उत्तम असतात आणि काही पाट्या टाकतात, जसे फी घेणाऱ्यांतही असतात. मोफत म्हणून गप्प बसायचं नाही, एवढं मात्र पाळा.

घराबाहेर काढलं आहे, आता काय?

सगळ्यात जास्त येणारं प्रकरण हेच, म्हणून जरा सविस्तर. समजा बाई इचलकरंजीला नांदत होती आणि आता मुलाला घेऊन सांगलीजवळच्या गावी आईकडे आली आहे. तिला इचलकरंजीच्या कोर्टात खेपा घालायची गरज नाही. घरगुती हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५चा कायदा म्हणतो की ती तात्पुरती जिथे राहते तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही अर्ज चालतो. हा कायदा फक्त बायकोपुरता नाही. आई, बहीण, विधवा सून, लग्नासारख्या नात्यात राहिलेली बाई, सगळ्या त्यात येतात. घटस्फोट मागावा लागत नाही. शिवीगाळ, पैसे अडवणं, नोकरी सोडायला लावणं हेही हिंसाचारात मोडतं.

पहिली पायरी, महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारी. ते घटनेचा अहवाल ठरलेल्या नमुन्यात भरून कोर्टाला देतात, दवाखान्यात किंवा आधारगृहात पोचवतात. त्यांच्याशिवाय थेट अर्जही करता येतो. जिल्ह्यातल्या सखी वन स्टॉप सेंटरमध्ये काही दिवस राहण्याची सोय, डॉक्टर आणि वकिलाचा सल्ला एका छताखाली मिळतो.

अर्जात काय मागायचं ते मोकळेपणाने मागा, कारण जे मागितलेलं नाही ते सहसा मिळत नाही. त्याने त्रास देऊ नये असा संरक्षणाचा आदेश. त्याच घरात राहू देण्याचा, नाहीतर दुसऱ्या घराचं भाडं देण्याचा आदेश. घर सासऱ्याच्या नावावर आहे, एवढ्यावरून आता तुमचा राहण्याचा हक्क नाकारता येत नाही. सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये हे स्पष्ट केलं. मग महिन्याचा खर्च, मुलाचा तात्पुरता ताबा, दागिने आणि कागदपत्रं परत, नुकसानभरपाई.

कायदा म्हणतो की पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लावायचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात कोर्टांवरचा बोजा बघता महिने जातात, कधी वर्षं. म्हणून मूळ अर्जाबरोबरच अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतच्या तात्पुरत्या आदेशाचा अर्ज टाकायला वकिलाला सांगा. हा अर्ज विसरला तर निकालापर्यंत हातात काहीच येत नाही. संरक्षणाचा आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

याशिवाय पोटगीचा वेगळा रस्ता आहे. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आलं, तरी कोर्टाच्या कॅन्टीनमध्ये अजून ‘एकशेपंचवीसची केस’च म्हणतात. हे कलम सर्व धर्मांना लागू आहे. घटस्फोटित मुस्लीम महिलाही त्याखाली पोटगी मागू शकते, यावर सुप्रीम कोर्टाने जुलै २०२४ मध्ये पुन्हा शिक्कामोर्तब केलं. दोन्ही अर्ज एकाच वेळी चालू शकतात, फक्त एकीकडे मिळालेली रक्कम दुसरीकडे लपवायची नाही. लपवली की त्या बाईच्या इतर सगळ्या बोलण्यावरचा विश्वास उडतो.

पोटगीच्या प्रकरणात नोव्हेंबर २०२० चा सुप्रीम कोर्टाचा रजनेश विरुद्ध नेहा हा निकाल वकिलाला ठाऊक असतोच, तुम्हालाही असू द्या. दोन्ही बाजूंनी आपली कमाई, मालमत्ता आणि कर्ज यांचं प्रतिज्ञापत्र देणं त्यात सक्तीचं केलं आहे, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची असं ठरवलं आहे. म्हणून अर्ज करायला उशीर कराल तेवढे महिने बुडतात. ‘बघू, दिवाळीला येईल न्यायला’ म्हणत थांबायचं असेल तर थांबा, पण हा हिशोब मनात ठेवून. तुमच्या स्वतःच्या प्रतिज्ञापत्रातही शिवणकामाची, शिकवण्यांची कमाई खरी लिहा.

आदेश झाला आणि पैसे आले नाहीत तर वसुलीचा अर्ज वेगळा करावा लागतो. कलम १४४खाली तो रक्कम थकल्यापासून वर्षाच्या आत करायचा असतो. त्यावर वॉरंट निघतं, पगारातून कपात होऊ शकते आणि तरीही दिले नाहीत तर तुरुंग. वर्ष उलटू देणाऱ्या बायका मी बऱ्याच पाहिल्या. तोवर थकबाकीचा जुना भाग हातचा गेलेला असतो.

कौटुंबिक न्यायालय असलेल्या शहरात एक फरक आहे. तिथे वकील हक्काने उभा राहू शकत नाही, कोर्टाची परवानगी लागते. ती सहसा मिळते. खटला उभा राहण्याआधी विवाह समुपदेशकाकडे पाठवतात. तिथलं बोलणं गोपनीय असतं, तेव्हा मोकळेपणी बोला. नांदायला जायचं नसेल तर तसं स्पष्ट सांगा. समुपदेशक तुम्हाला जबरदस्तीने पाठवू शकत नाही.

दोघांचं पटत नाही हे दोघांनाही मान्य असेल तर संमतीचा घटस्फोट सगळ्यात स्वस्त. हिंदू विवाह कायद्यात त्याआधी एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, आणि अर्जानंतर सहा महिने थांबण्याची अट कोर्ट योग्य प्रकरणात माफ करू शकतं. अटी लिहिताना मुलाचं शिक्षण, भेटीचे दिवस, पैशांचे हप्ते आणि दागिने हे सगळं अर्जात आलं पाहिजे. तोंडी कबूल केलेलं नंतर कुणी आठवत नाही.

आईवडील आणि प्रांत

साठ वर्षांवरच्या माणसाला स्वतःच्या कमाईतून भागवता येत नसेल तर आईवडील व ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७च्या कायद्याने मुलगा, मुलगी, नातवंडं यांच्याकडून निर्वाहखर्च मागता येतो. आईवडिलांना वयाची अट नाही. अर्ज प्रांत कार्यालयातल्या न्यायाधिकरणाकडे साध्या कागदावर करायचा, कमाल रक्कम महिन्याला १० हजार, आणि नोटीस लागल्यापासून नव्वद दिवसांत निकाल अपेक्षित. कायद्याने इथे वकिलाला जागाच ठेवलेली नाही. अर्जदाराच्या वतीने बोलायला निर्वाह अधिकारी असतो.

याच कायद्याचं कलम २३ घर मुलाच्या नावावर करून बसलेल्यांसाठी आहे. ‘सांभाळ करीन’ या अटीवर बक्षीसपत्र दिलं आणि मुलाने सांभाळलं नाही तर ते रद्द होऊ शकतं. ही अट कागदात लिहिलेली नसेल तर वाद फार कठीण होतो. म्हणून कुणी आजोबा बक्षीसपत्राचा मसुदा घेऊन आले की मी पहिल्यांदा ते वाक्य शोधतो. नसेल तर सही करू नका म्हणून सांगतो, आणि बहुतेक वेळा आजोबा रागावतात.

बहिणीची सही

वारशाच्या भांडणांत मला सर्वात जास्त चीड येते ती दहाव्या-तेराव्याच्या आसपास बहिणींकडून घेतलेल्या सह्यांची. घरात अजून सुतक असतं, कोऱ्या किंवा अर्धवट कागदावर ‘वारस लावायला लागते’ म्हणून सही घेतात, आणि पुढे कळतं की ते हक्कसोडपत्र होतं. बहिणींनी ठरवून हक्क सोडला तर तो त्यांचा प्रश्न. पण न वाचता सही नको. नोंदणीकृत हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊनच होतं, म्हणून तिथे बोलावलं की कशासाठी ते विचारा.

महाराष्ट्राने मुलींना एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मसिद्ध हक्क १९९४ मध्येच दिला होता, पण त्याआधी लग्न झालेल्या वगळल्या होत्या. केंद्राच्या कायद्याने ९ सप्टेंबर २००५ पासून ही अट राहिली नाही. त्या दिवशी वडील हयात असायला हवे होते का, हा वाद २०२० मध्ये सुप्रीम कोर्टात विनीता शर्मा प्रकरणात मिटला. हयात असण्याची गरज नाही. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या उकरता येत नाहीत.

जमिनीसाठी मृत्यूनंतर तीन महिन्यांत तलाठ्याकडे वारसांचा अर्ज द्या, मृत्यूदाखला आणि सगळ्या वारसांची नावं जोडून. ई-हक्क प्रणालीवरूनही तो करता येतो. तलाठी नोंद घेतो, नोटीस निघते, मंडळ अधिकारी फेरफार (नोंदीतला बदल) मंजूर करतो. बहिणीचं नाव गाळलं असेल तर मंजुरीआधी लेखी हरकत द्या. मंजूर झाल्यावर साठ दिवसांत प्रांताकडे अपील असतं. फेरफार हा महसुलाचा कागद आहे. मालकीचा खरा वाद दिवाणी कोर्टात वाटपाच्या दाव्यातच सुटतो, आणि त्यासाठीही बहिणीला मोफत वकील मिळतो.

बँकेत नॉमिनी असलेल्याला पैसे मिळतात, पण तो त्यांचा मालक होत नाही, इतर वारसांचा वाटा त्याच्याकडे राहतो. नॉमिनी नसेल तर ठरावीक रकमेपर्यंत बँक हमीपत्रावर देते. त्यापुढे किंवा वारसांत वाद असेल तर कोर्टाचा वारसा दाखला लागतो. बँकेत जाऊन ‘तुम्हाला नेमका कुठला दाखला चालेल’ हे लेखी घ्या आणि मग वकिलाकडे जा.

गोव्यातल्या वाचकांना हा भाग लागू नाही. तिथला वारसा पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेने चालतो, मुलांचा अर्धा वाटा मृत्युपत्रानेही काढून घेता येत नाही, आणि वाटणी इन्व्हेंटरीच्या, म्हणजे मालमत्तेची यादी करून कोर्टामार्फत वाटण्याच्या प्रक्रियेने होते. मोफत मदतीसाठी गोव्याचं स्वतःचं राज्य प्राधिकरण आहे.

लोकअदालत आणि मध्यस्थी

कोर्टातूनच प्रकरण मध्यस्थाकडे जातं, त्याला पैसे पडत नाहीत, आणि पटलं नाही तर खटला होता तिथून पुढे चालतो. लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही, तो दिवाणी कोर्टाच्या हुकुमनाम्यासारखाच अंतिम असतो. गर्दी असते, ‘करून टाका ताई’ म्हणणारे चारजण असतात. अशा वेळी कागद घेऊन खिडकीशी जा आणि शांतपणे वाचा. रक्कम, प्रत्येक हप्त्याची तारीख, कुठल्या खात्यात, हप्ता चुकला तर काय, हे चार मुद्दे त्यात नसतील तर सही पुढच्या लोकअदालतीपर्यंत थांबू शकते. पोटगीसारखे वाद तिथे मिटतात, घटस्फोट मात्र तिथे दिला जात नाही.

वकील फोन उचलत नसेल तर

प्रकरण दाखल झालं की त्याला १६ अक्षरांचा सीएनआर क्रमांक मिळतो. तो वकिलाकडून पहिल्याच दिवशी लिहून घ्या. ई-कोर्ट्सच्या अॅपमध्ये टाकला की पुढची तारीख, मागच्या तारखेला काय झालं, सगळं दिसतं. मग ‘साहेब रजेवर होते’ हे खरं की खोटं ते घरबसल्या कळतं.

प्राधिकरणाने दिलेला वकील तारखांना येत नसेल किंवा पैसे मागत असेल तर सचिवांना लेखी कळवा, तारखांसकट. तिथे देखरेख समिती असते आणि वकील बदलून मिळतो. खाजगी वकील बदलायचा असेल तर त्याची ना हरकत घेऊन नव्याचं वकीलपत्र दाखल होतं, ती देत नसेल तर कोर्टाच्या परवानगीने. फी बाकी आहे म्हणून वकिलाला तुमचे कागद अडवून ठेवता येत नाहीत. मिळालेल्या रकमेतले इतके टक्के माझे, असा सौदाही त्याला करता येत नाही. अशा तक्रारी महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे जातात.

निकाल विरोधात गेला तर त्याच दिवशी प्रमाणित नकलेसाठी अर्ज टाका. कौटुंबिक न्यायालयाच्या निकालावर उच्च न्यायालयात आणि हिंसाचाराच्या कायद्याखालच्या आदेशावर सत्र न्यायालयात अपीलाची मुदत तीस दिवसांची आहे. नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस मुदतीतून वगळले जातात, पण तुम्ही अर्ज केल्यापासूनचेच. कोर्टात उशिराने केलेल्या अर्जाची सबब चालेलच असं नाही. उच्च न्यायालयासाठी मोफत वकील हवा असेल तर जिल्ह्याचं जुनं नेमणूकपत्र पुरत नाही, उच्च न्यायालय विधी सेवा समितीकडे नवा अर्ज द्यावा लागतो. तो मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर यांपैकी तुमचा जिल्हा ज्या खंडपीठाखाली येतो तिथे. कोल्हापूर आणि आसपासच्या जिल्ह्यांसाठी ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातही उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) बसतं.